दोन खाचरांचं शेवाळ

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करत होतो, म्हणजे गंगापूर रोडवरच्या भाड्याच्या खोलीच्या गच्चीवर पत्र्याच्या ट्रेमध्ये शेवाळ वाढवत होतो. शेवाळ निळं-हिरवं, हवेतला नत्र धरून भाताला देणारं. पण घरमालकीणबाईंना त्यात फक्त डास दिसायचे. रोज गच्ची घासणाऱ्या त्या बाईंना 'मी हे मुद्दाम वाढवतोय' असं सांगताना माझी मान ताठ असायची. अक्कल कमी असली की मान ताठ ठेवायला सोपं जातं.

प्रयोगासाठी घोटीजवळच्या एका मावशींनी आपली भाताची दोन शेजारशेजारची खाचरं दिली. त्यांची जमीन तेवढीच. आवणीनंतर, म्हणजे भाताची रोपं लावून झाल्यावर, आठवड्याने मी वाळवलेल्या शेवाळाची पिशवी घेऊन गेलो आणि बांधावर छत्री धरून नत्रावर तासभर व्याख्यान झोडलं. शेवटी म्हणालो, "मावशी, हे डावीकडच्या खाचरात टाका. उजवीकडे अजिबात नको." का नको, ते सांगायची मला गरज वाटली नाही. बूट नवे होते, चिखल गुडघाभर होता. पिशवी त्यांच्या हाती दिली आणि एस.टी. गाठली. वहीत मात्र लिहिलं, 'प्रस्तुत संशोधकाने शेवाळ स्वतः पसरले.'

झोडणीनंतर वजनं केली. दोन्ही खाचरांचं भात सारखंच. पुन्हा तोललं, काटा बदलून तोललं. मार्गदर्शक सर शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुझ्या शेवाळाचा उपयोग नाही." तीन वर्षं पाण्यात गेली होती. मला रडू येत होतं. त्याऐवजी मी विभागात सगळ्यांसमोर घोटीच्या मातीला दोष देणारं भाषण केलं. माती उलट बोलत नाही, हे एक बरं.

महिन्याभराने मावशींचे आभार मानायला, खरं तर पुढच्या वर्षासाठी खाचरं पुन्हा मागायला गेलो. चहा घेता घेता मोठ्या मनाने म्हणालो, "शेवाळाचा काही उपयोग झाला नाही, मावशी."

"नाय कसा? गेल्या सालापेक्षा लय भात आलं. दोन्हीत टाकलं ना मी!"

माझा कप बशीवर आदळला. "दोन्हीत? मी नको म्हणालो होतो!"

"मग काय, एका पंगतीत एकाला वाढायचं अन् शेजारच्याला उपाशी ठेवायचं? मला वाटलं पिशवी लहान, म्हणून तुम्ही संकोचानं बोलताय. मी निम्मंनिम्मं केलं."

मी चिडलो. तुलना म्हणजे काय, ते आता, सगळं होऊन गेल्यावर समजावून सांगितलं. एकात टाकायचं, दुसऱ्यात नाही, मग फरक मोजायचा. मावशींनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी त्या खाचरात भात कमी यायला पायजे होतं?"

"हो!" अखेर यांना कळलं, म्हणून मला केवढा आनंद झाला.

"अन् जे कमी आलं असतं, त्याचं आमी वरीसभर काय खायचं, भाऊ?"

लाजेनं माझे कान तापले. तीन वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.