डोमाजीच्या अंगणातल्या दोन खुर्च्या

साल दोन हजार चोवीस, आणि मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. डोमाजी माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तरी माझ्या आधी गेला... तिथंही त्यानं पुढचा नंबर लावला. एप्रिलातली सकाळ होती. मी नळावर तोंड धूत होतो, तर माझा मुलगा मुकेश समोरच्या डोमाजीच्या घरातून निघाला, रस्ता ओलांडून आला आणि आमच्या दारातच मटकन बसला. "बाबा, काका गेले," एवढंच म्हणाला आणि लहान पोरासारखा रडू लागला. बारावीतल्या पोरीचा बाप तो. दोस्त तर माझा गेला होता. पण मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहूनच टाकतो... माझ्या वेळी हा असा रडेल का?

आम्ही दोघं भंडाऱ्याकडच्या एकाच गावचे, दोघंही चौथी शिकलेले. एकाच गाडीनं येऊन दुर्गला उतरलो, भिलाईच्या पोलाद प्लांटात एकाच भट्टीवर लागलो, आणि पुढं तिथल्याच खुर्सीपार वस्तीत घरं बांधली तीही आमनेसामने. भट्टीचं काम मी जास्त जाणत होतो, हे तोही मान्य करी. आवाजही माझाच मोठा. पण माणसं मात्र त्याच्या अंगणात. भाजीवाली भाव माझ्याशी करायची आणि टोपली खाली ठेवून सुखदुःख त्याच्याशी बोलायची. असं का, ते मला आजवर कोणी नीट सांगितलेलं नाही.

इथलं आमचं मराठी मंडळ दरवर्षी बारावीचा निकाल लागला की पास झालेल्या पोरापोरींचा सत्कार करतं. शाल, नारळ, एक पेन आणि नंतर जेवण. बोलायला उभा राहायचा डोमाजी. चौथी शिकलेला माणूस! चौथी तर मीही शिकलो होतो, मला कोणी माईक दिला नाही. तो एकेकाला जवळ बोलावून विचारी, "आता पुढं काय करशीन गा?" एखादी पोरगी म्हणे नर्सिंग, तर हा म्हणे, "मंग मले सुई टोचशीन तवा हात हलका ठेवजो, बाई." हॉल हसे. ती पोरगीही हसे आणि ताठ होऊन खाली उतरे. आणि शेवटी, सगळे जेवणाकडे बघायला लागले की तो म्हणे, "आता ज्याची गडबड झाली त्यानं हात वर नोको करू. परीक्षा म्हणजे शिफ्ट आहे, बाप्पा. फर्स्ट बिघडली त सेकंड लागते, प्लांट काही बंद नाही होत. उद्या सकाळी साहाले माह्या अंगणात एक खुर्ची खाली आहे."

सहा वाजता, कारण तेव्हा गल्लीत बघायला कोणी नसतं. बघायला मी असे, माझ्या खिडकीत. समोर कडुनिंबाखाली दोन खुर्च्या, एकीवर डोमाजी, दुसरी रिकामी. थोड्या वेळानं कोणी पोट्टं खाली मान घालून येई आणि त्या रिकाम्या खुर्चीत बसे. ओठ हललेले दिसत, शब्द रस्त्याच्या अलीकडे येत नसत. तासाभरानं ते उठे तेव्हा चालच वेगळी असे. मी लय जळलो त्या खुर्च्यांवर. काय सांगत असेल हा? जे मला ठाऊक नाही असं याला काय ठाऊक आहे?

मुकेश बारावीत नापास झाला तेव्हा तोही तिथंच जाऊन बसला होता. आदल्या दिवशी मी त्याला चार शब्द सुनावले होते. बापानं सुनवायचेच असतात, त्यात माझं काही चुकलं असं मी आजही म्हणत नाही. तर हा सकाळी रस्त्यापलीकडे. परत आला तो म्हणाला, मी आयटीआय करतो, फिटरचं. अरे, तेच तर मी दोन वर्षं सांगून राहिलो होतो! मी विचारलं, "काय सांगितलं बे त्यानं तुले?" म्हणाला, "काही नाही." काही नाही सांगून कोणी फिटर होतो काय?

डोमाजीला पोचवायला मुक्तिधामात एवढी माणसं आली की सावली पुरली नाही. कोणी गाडीचा ड्रायव्हर, कोणी नर्स, कोणी भिलाई-३ ला दुकान टाकलेला. जो तो हळूच सांगे, मी बसलो होतो बरं का त्या खुर्चीवर. त्याचा सगळ्यात जुना दोस्त मी, आणि बहुतेक मीच एकटा तिथं कधी बसलो नव्हतो.

मग मे महिना आला, निकाल लागला. माझी नात रश्मी, मुकेशची पोरगी, गणितात अडकली. पूरक परीक्षा द्यावी लागणार. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. या पोरीला मी सायकलवर बसवून शाळेत सोडलंय. मी जवळ गेलो, म्हणालो, "अवं, होऊन जाते असं. मी सांगतो तुले काय करायचं..." ती न वळताच म्हणाली, "रहने दो ना, आजोबा. डोमाजी आजोबा असते त..." पुढचं सांगायची गरजही नव्हती. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, नाहीतर मी रस्ता ओलांडून गेलोच असतो.

त्याच आठवड्यात मंडळाचे अध्यक्ष घरी आले. "यंदा तुमीच बोला, भाऊ. त्याहिचे जुने दोस्त तुमी." शेवटी माईक आला माझ्याकडे! इस्त्रीचा शर्ट घातला. मुकेशनं रश्मीलाही आणून मागच्या रांगेत बसवलं होतं. मी बोललो... मेहनत करा, आईबापाचे कष्ट ध्यानात ठेवा, आम्ही आलो तेव्हा इथं काय होतं. जेवण तयार असलं की पडतात तशा टाळ्या पडल्या. मी शाली दिल्या, पेनं दिली. आता उठायचं, पण हॉल बसून राहिला. सगळे त्या शेवटच्या वाक्यासाठी थांबले होते, हे मला कळलं. दुसऱ्याचं वाक्य आपण बोलायचं नाही असं मी घरूनच ठरवून आलो होतो. पण मागं रश्मीची मान एवढी खाली होती की मला तिचा भांगच दिसत होता. "उद्या सकाळी साहाले," मी म्हणालो, "डोमाजीच्या अंगणात... एक खुर्ची खाली आहे." टाळी कोणीच वाजवली नाही. डोमाजीची बायको, सुमनवहिनी, तेवढ्या पदर डोळ्याला लावून उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस्ता ओलांडला. खुर्च्या भिंतीशी उलट्या ठेवलेल्या होत्या, त्या कडुनिंबाखाली आणून मांडल्या. सुमनवहिनी अंगण झाडून राहिल्या होत्या. मी विचारलंच, "वहिनी, तो पोरायले सांगे तरी काय?"

"काय सांगतीन, भाऊ? रात्री जेवला काय, इतकं विचारत. मंग आयकत बसत," त्या झाडता झाडताच म्हणाल्या. "तुमच्यावाणी बोलनं त्याहिले कुठं जमे!"

मी डोमाजीच्या खुर्चीवर बसलो आणि पडता पडता राहिलो. एक पाय तडकलेला, खुर्ची डुगडुग डुगडुग. "ते तशीच आहे," वहिनी म्हणाल्या. "चांगलीवाली त्याहिनं पोरायसाठी ठेवली." इतकी वर्षं खिडकीतून पाहिलं, हे मात्र तिकडून दिसलं नव्हतं.

तेवढ्यात आमचं दार वाजलं. रश्मी बाहेर आली, गल्लीत इकडंतिकडं पाहिलं आणि ओढणी सावरत रस्ता ओलांडून आली. एका घरातली आम्ही दोघं, बोलायला परक्याच्या अंगणात! ती चांगल्या खुर्चीवर बसली. माझ्या तोंडात बरंच काही जुळवून ठेवलेलं होतं.

"काल जेवली काय?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि बोलायला लागली. खुर्ची हलू नये म्हणून मी डावा पाय जमिनीवर दाबून धरला आणि ऐकत बसलो.