मोजणीचे सर

“आधी चाला, मग मोजा, आणि बोलायचं ते सगळ्यात शेवटी.”

शेतावर पोहोचलो की सर हे वाक्य म्हणत आणि खिशातून अर्धं ब्लेड काढून पेन्सिलीला टोक करायला लागत. टोक करताना ते कुणाकडे बघत नसत. टोक झालं की ते डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहत. मग नकाशा उघडायचा. तोवर आम्ही शिकाऊ पोरांनी अख्ख्या बांधावरून एक फेरी मारून यायची, हा नियम.

“बोथट टोकाखाली हातभर जमीन जाते,” ते सांगत. “कागदावर ती दिसत नाही. ज्याची जाते त्याला दिसते.”

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. सरकारच्या जमीन मोजणीच्या खात्यात नाशिकला एक वर्षाचं प्रशिक्षण असायचं. वर्षभर शिकायचं, अनुभवी माणसाच्या मागे गावोगाव हिंडायचं, आणि शेवटी त्या माणसाने लिहिलेल्या शेऱ्यावर नोकरी ठरायची. माझे वडील मनमाडला रेल्वेच्या रुळांवर गँगमन होते. पोरगा सरकारी कागदावर सही करणारा व्हावा, एवढंच त्यांचं मागणं. म्हणजे माझ्या घरादाराचं भवितव्य त्या शेऱ्यावर होतं, आणि तो लिहिणारे हे सर.

अंगाने किरकोळ. पांढरा शर्ट, त्यावर कोपरापर्यंत धूळ. अठरा वर्षांच्या पोरालाही ‘अहो’ म्हणणार. आमच्यातल्या एकाने साखळीने मोजताना एक साखळी जास्त धरली आणि कागदावर मारुतीचं देऊळ ओढ्यात नेऊन ठेवलं. आम्ही सगळे गारठलो. सरांनी नकाशा बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “अहो, देवाला पोहता येतं का ते तरी विचारायचं.” मग खोडरबर पुढे केलं. संपलं.

एकदा आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशाच्या जमीन खात्यातले दोन अधिकारी आमचं काम बघायला आले. सरांचं इंग्रजी जेमतेम. त्यांनी दोघांच्या हातात एकेक पेन्सिल आणि ब्लेड दिलं. तासाभराने ते दोघे सूट घालून बांधावर उकिडवे बसले होते, आणि नखावर टोक टेकवून एकमेकांना दाखवत होते. जाताना त्यांनी सरांना वाकून नमस्कार केला. सर आम्हाला म्हणाले, “बघा, बांध तिकडेही सरकतात.”

माझी तऱ्हा निराळी होती. मला घासाघीस उपजत येते. मोजणीचा फलक, त्याची तिपाई, साखळी हे सगळं लचांड एसटीत चढवायला कंडक्टर तयार नसत. मी दोन मिनिटं बोललो की तेच कंडक्टर खाली उतरून हात लावत. सर मागच्या सीटवरून म्हणत, “या, व्यापारी.” मला त्यात कौतुक ऐकू यायचं. इतर पोरांपेक्षा मी त्यांच्या जवळचा आहे, असं मी धरून चाललो होतो. चालताना त्यांची छत्री माझ्याकडे असायची.

मग दिंडोरीच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला एका गावात बांधाच्या वादाची मोजणी निघाली. एका बाजूला माजी सरपंच, ट्रॅक्टरवाला. दुसऱ्या बाजूला भात-नागलीवाला एक डोंगरातला म्हातारा, त्याचं एवढंसं वावर. सरांना ऐनवेळी तालुक्याला बोलावणं आलं. ते मला म्हणाले, “तुम्ही करा. तुम्हाला येतं.”

मला येत होतं. मी चाललो, मोजलं, आणि सरपंचाने बांध चार हात म्हाताऱ्याच्या वावरात सरकवलेला निघाला. सरपंच तापला. “अरे ए शिकाऊ, तुझ्या साहेबाला बोलव, तू कोण मोजणारा?” माझंही डोकं फिरलं, पण मी ते गिळलं आणि जे मला येत होतं ते सुरू केलं. इकडे दोन शब्द, तिकडे दोन शब्द. दुपार कलेपर्यंत सरपंच दोन हात मागे यायला कबूल झाला. मी म्हाताऱ्याला विचारलं, “बाबा, दोन हात घेता का? मिटवून टाकू.”

तो जमिनीकडे बघत म्हणाला, “तुमी म्हनाल तसं, साहेब.”

मला साहेब म्हणणारा तो पहिला माणूस. मी नकाशावर रेघ बरोबर मधोमध ओढली, दोघांच्या सह्या-अंगठे घेतले, सरपंचाच्या ओट्यावर चहा प्यायलो. वर्षानुवर्षांचं भांडण एका दुपारी मिटवलं म्हणून छाती फुगवून परत आलो.

तीन दिवसांनी सर मला घेऊन पुन्हा तिथे गेले. त्यांनी सगळं परत मोजलं. मग बांधावर बसून विचारलं, “ही रेघ कशाची?”

“दोघांची संमती आहे, सर.”

“तो म्हातारा पहिल्यांदा काय म्हणाला होता?”

“म्हणाला, माझी जेवढी आहे तेवढी द्या.”

“आणि नंतर?”

“नंतर म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं.”

सरांनी रेघ खोडली. पेन्सिलीला टोक केलं आणि खरी हद्द ओढली. परतीच्या एसटीत छत्री त्यांनी स्वतःच्या मांडीवर ठेवली.

वर्षाच्या शेवटी माझ्यावरचा शेरा आला. ‘मोजणी उत्तम. सौद्याकडे कल. शासकीय मोजणीस अयोग्य.’

देऊळ ओढ्यात घालणारा नोकरीला लागला, आणि मी घरी. मी तो कागद घेऊन त्यांच्या दारात गेलो नाही. रागाने गेलो नाही. वडिलांना सांगितलं, जागाच निघाल्या नाहीत. मग पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या एका आडत्याकडे राहिलो, क्रेट उचलले, भाव शिकलो. दहा-बारा वर्षांत स्वतःचं पॅकहाऊस उभं केलं. प्रत्येक पायरीवर मनात म्हणायचो, बघा सर, अयोग्य माणूस.

तुम्हीही अशा एखाद्या माणसाशी मनातल्या मनात वर्षानुवर्षं भांडला असाल. समोरच्याला पत्ताही नसतो.

एका वर्षी ऐन तोडणीत गारपीट झाली. शेतकरी भिजलेला माल घेऊन दारात उभे. मी भाव पाडून सांगितला. एक वयस्कर माणूस म्हणाला, “तुम्ही म्हणाल तसं, शेठ.” हजारदा ऐकलेलं वाक्य. त्या दिवशी मला त्याचा अर्थ लागला. ज्याला दुसरीकडे जायला जागा नसते, तो असं बोलतो. भाव मी वाढवला नाही, खोटं कशाला सांगू. पण दुपारी डबा उघडला तो तसाच बंद केला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सर मला नाशिकच्या बसस्टँडवर दिसले. निवृत्त झालेले, काखेत नकाशांची गुंडाळी. नव्या पोरांना शिकवायला बिनपगारी जात होते. मी समोर जाऊन उभा राहिलो.

“ओळखलं का?”

“व्यापारी,” ते म्हणाले. मग माझे कपडे, गाडीची किल्ली बघून, “चांगलं झालं.”

माझा बांध फुटला. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली इतक्या मोठ्याने मी बोललो. “चूक होती माझी, मान्य. पण बोलावून सांगायचं होतं. दोन कानाखाली मारायच्या होत्या. देवळाला रबर दिलंत, मला का नाही?”

त्यांनी काखेतली गुंडाळी हातात घेतली. मग म्हणाले, “हो. तेवढं माझं चुकलं. तुमच्यावर भरवसा जास्त होता, म्हणून राग जास्त आला. रागात शेरा लिहू नये.”

पेठची बस लागली. पायरीवर पाय ठेवून ते वळले. “एकदा वर्गावर या. पोरांना सांगा, माणसाला ‘हो’ म्हणायला कसं लावतात ते. मोजायचं मी शिकवतो. हे मला शिकवता येत नाही.”

आणि मी काय म्हणालो? “अयोग्य माणूस काय शिकवणार, सर?”

त्यांनी मान हलवली आणि आत जाऊन बसले. मी जाईन असं दरवर्षी ठरवत होतो. हंगाम संपला की, तोडणी झाली की. पोरांसमोर काय बोलायचं तेही गाडी चालवताना ठरवून ठेवलं होतं, सुरुवात त्या म्हाताऱ्यापासून करायची होती. सरांनी मागच्या बाकावर बसून ऐकावं, एवढंच हवं होतं. त्यांच्या जाण्याची बातमी मला पेपरातल्या चार ओळींतून कळली.

दहाव्याच्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर जुने विद्यार्थी बसले होते, बहुतेक आता अधिकारी. सरांच्या हाताखाली शिकलेल्यांची यादी करून वर्गात लावायची, असं चाललं होतं. लिहिणारा आमच्याच वर्षाचा, केस पिकलेला, इतक्या वर्षांत पुन्हा न भेटलेला. त्याने आमच्या वर्षाची नावं वाचली आणि म्हणाला, “अकरा. झालं आपलं.”

“बारा,” मी म्हणालो.

“प्रमाणपत्र अकरा जणांनाच मिळालं होतं.”

“यादी प्रमाणपत्राची आहे की शिकलेल्यांची?”

“बरं, खाली कंसात टाकू. एक अपूर्ण.”

“कंस नको.”

“अहो, दुःखाचं घर आहे, हळू बोला.” कुणीतरी माझा हात धरला. “वेगळ्या ओळीत घेऊ, मग तर झालं?”

आयुष्यभर प्रत्येक सौद्यात मी दोन पावलं मागे यायची तयारी ठेवत आलो. त्या ओसरीवर मी बारावरून खाली आलो नाही. शेवटी त्याने सुस्कारा टाकला, अकराच्या खाली बाराचा आकडा लिहिला, आणि पेन तसंच धरून मला माझं नाव विचारलं.