शेजारचं वासरू

वसुबारसेला शहरातले पाहुणे आमच्या मळ्यावर गाय-वासराची पूजा करायला येतात. यंदा गंगीचं वासरू आठवड्यापूर्वीच दगावलं. पाहुण्यांचा विरस नको म्हणून ह्यांनी शेजाऱ्यांचं वासरू आणून तिच्याजवळ बांधलं.

गंगीनं ते एकदा हुंगलं आणि मान फिरवली. तरी हळदीकुंकू झालं, ओवाळून झालं, फोटोही निघाले. कापणी झालेलं रान मागं उजाड पडलं होतं. ते फोटोत आलं नसावं.

ओसरीवर मी बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी वाढत होते. भिंतीवर आमच्या अजितचा हार घातलेला फोटो आहे. तो पाहून त्याच्याच वयाचा एक पाहुणा मायेनं म्हणाला, "काकू, मला तुमचा मुलगाच समजा."

"हो रे बाळा," मी हसून म्हटलं आणि त्याला आणखी एक भाकरी वाढली.

माणसांना रिकामी जागा बघवत नाही. तिथं कुणीतरी आणून बांधलं की त्यांचा जीव निवांत होतो.

संध्याकाळी गाड्या गेल्या, वासरूही परत गेलं. गंगी रिकामा खुंटा चाटत उभी होती. मला तिचा हेवा वाटला. तिला निदान मान फिरवता आली होती.