शनिवारच्या कोच

"यल्ला, चला, मान वर. बॉल कुठे पळून जात नाही," हे सांगताना त्यांचा एक हात नेहमी उजव्या गुडघ्यावर असायचा. तुम्ही पहिल्यांदा पाहिलं असतं तर वाटलं असतं, धावून दमल्या असतील. पण त्या कधी धावतच नसत.

इथे आखातात, अल कुसैसमध्ये, आमच्या बिल्डिंगमागे एक रेताड मैदान आहे. तिथे दर शनिवारी सकाळी त्या आम्हा बायकांना फुटबॉल शिकवत. मूळच्या वसईच्या, इथे एका हॉटेलच्या हाउसकीपिंग ऑफिसात. आम्ही त्यांना कोच म्हणायचो. मी बेचाळीस वर्षांची, दिवसभर खुर्चीवर बसणारी. पहिल्या दिवशी निघाले तेव्हा लेक म्हणाली, "आई, आर यू सिरिअस?" मलाही खात्रीने हो म्हणवलं नाही.

त्यांच्या कॉलेजात मुलींची पहिली फुटबॉल टीम निघाली, तीत त्या होत्या. मुली जेमतेम अकरा जमल्या; राखीव कुणी नाही. मुलांच्या जुन्या ढगळ जर्सी घालून खेळायच्या. हे सगळं त्या हसत सांगत. गुडघ्याचं विचारलं की मात्र "ती गोष्ट खलास" म्हणून शिट्टी वाजवायच्या.

दोन वर्षांनी आमची पहिली खरी मॅच ठरली, शारजाच्या एका टीमशी. आम्हीही अकराच जणी. एक-एक बरोबरी असताना माझा पाय मुरगळला. मी उठले, दात आवळून म्हणाले, खेळते. बाकीच्याही म्हणाल्या, खेळू दे, थोडाच वेळ उरलाय. कोचनी ऐकलं नाही. मला बाहेर आणून बसवलं. उरलेल्या दहा जणी तीन-एकने हरल्या.

मला रडू येत होतं आणि रागही. त्या माझ्या घोट्यावर बर्फ धरून बसल्या होत्या. मैदानाकडे पाहतच म्हणाल्या, "फायनलला माझा गुडघा गेला. सगळे म्हणाले, थोडाच वेळ उरलाय. आम्ही जिंकलो."

मग बर्फ दुसऱ्या बाजूला सरकवला. "एकोणीस वर्षांची होते. मला कुणी बाहेर काढलं नाही."

ती फायनल त्यांची शेवटची मॅच होती, हे मला तेव्हा कळलं.

मागच्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्या वसईला गेल्या आणि तिथेच राहिल्या. फोनवर सांगतात, आता चर्चपर्यंत काठीशिवाय जाते. आमचे शनिवार चालू आहेत. कुणी पडली की खेळ आपोआप थांबतो आणि आम्ही सगळ्या मैदानाच्या कडेला, कोच उभ्या असायच्या त्या जागी पाहतो. तिथे आमच्या पाण्याच्या बाटल्या असतात.