खजरान्याच्या पार्किंगमधली डिलिव्हरी

"मागच्या काचेवरच्या माळा काढा. काहीच दिसत नाहीये," मी म्हणालो.

"अरे भिया, शुभ काम में टोको मत," मित्तलजी स्टिअरिंगवर बसत म्हणाले.

खजराना गणपतीचं पार्किंग. मित्तलजींची पहिली कार, पूजा नुकतीच आटोपलेली. मी शोरूमचा डिलिव्हरी इनचार्ज. म्हणजे नवी गाडी ताब्यात देताना सगळं समजावून सांगणारा आणि फोटोत कडेला उभा राहणारा माणूस. त्याआधी मी मिलमध्ये सुपरवायझर होतो. मिल बंद पडली. तिच्या भंगाराचा ठेका मित्तलजींना मिळाला, भंगारातून त्यांना कार मिळाली आणि मला ती पोहोचवायची नोकरी. उदारीकरणात सगळ्यांची प्रगती झाली ती अशी.

मंदिरापर्यंत गाडी मीच आणली होती. आता मित्तलजींना स्वतः चालवायची होती. लायसन्स होतं. गाडी शिकण्याआधीच मिळालं होतं.

"सर, रिव्हर्स मी काढून देतो. मागे माणसं आहेत."

मित्तलजींचा चेहरा पडला. आमचे मालक खास फोटोसाठी आले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"साठे, कस्टमरचा मूड कशाला खराब करता? पार्किंगमध्ये कुठे ॲक्सिडेंट होतात? इथे गाड्या उभ्या असतात."

मी किल्ली दिली आणि मागे जाऊन लोकांना हटवायला लागलो. सगळे सरकले. मित्तलजींच्या अम्मा मात्र डिकीवर स्वस्तिक काढत वाकल्या होत्या.

"अम्माजी, हटो!"

"बस, हो गया बेटा."

तेवढ्यात गाडी सुरू झाली. मित्तलजींनी क्लच सोडला आणि ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. मी अम्मांचा दंड धरून त्यांना ओढलं. दोघंही खाली पडलो. गाडी आमच्या पायांजवळून गेली आणि भिंतीवर जाऊन थांबली. मध्ये माझी स्कूटर होती. मला परत जायला म्हणून मेकॅनिकने आणून लावलेली.

अम्मांनी माझा हात किती तरी वेळ सोडला नाही. मित्तलजी उतरले, आईकडे बघितलं आणि मटकन खालीच बसले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मीटिंग घेतली. मला वाटलं, आता सेफ्टीचा काहीतरी नियम होणार. झाला. डिलिव्हरी इनचार्जने स्वतःची स्कूटर कस्टमरच्या गाडीमागे लावू नये.

तो मी पाळतो. शिवाय मागचा शेवटचा माणूस बाजूला होईपर्यंत किल्ली माझ्याच खिशात राहते. विचारलं तर सांगतो, "सर, मुहूर्ताला अजून थोडा वेळ आहे." मुहूर्तासाठी कस्टमर हवा तेवढा थांबतो.