बाबांनी न लिहिलेला दाखला

गावचे पोलीस पाटील माझे बाबा, आणि गांजाच्या केसमध्ये सापडलो मी. आता लपवून काय उपयोग? तेव्हा साऱ्या पेण तालुक्याला माहीत होतं.

सतरा वर्षांचा होतो, पेणला अकरावीत. कॉलेज बुडवून आम्ही चौघं धरमतरच्या जेट्टीकडे जाऊन बसायचो. कोणीतरी पुडी आणायचं. त्या दिवशी पुडी माझ्या खिशात होती. पोलीस आले तेव्हा बाकीचे तिघं पळाले आणि मी चप्पल शोधत बसलो. असा शहाणा!

पोलीस पाटील म्हणजे गावात काय घडलं ते चौकीला कळवणारा माणूस. पण पोरांना बाबा ठाऊक होते ते वर्तणुकीच्या दाखल्यासाठी. डोलवीला कंपनीत लागायचं असो की कॉलेजच्या होस्टेलला, पोरगा सकाळी आमच्या ओटीवर हजर. आमचं गाव गागोद्याच्या बाजूचं, भाताचं आणि वालाचं. बाबा शेतावरून येऊन हात धूत आणि मग कागद घेत. एखाद्याची खात्री नसली तर दोन दिवस थांबवत, आजूबाजूला विचारत. पोरं वैतागायची. "पाटील, शिक्काच तर मारायचाय!"

"शिक्क्याला येळ लागत नाय रे," बाबा म्हणत. "सहीला लागतो."

माझी केस अलिबागला बाल न्याय मंडळापुढे चालली. गुन्हा मी कबूलच केला होता. समज देऊन सोडलं आणि वर्षभर देखरेखीखाली ठेवलं. दर महिन्याला बाबा सोबत यायचे, बाहेर बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसायचे. येता-जाता एक शब्द बोलायचे नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं, खरंच सांगतो.

शेवटच्या महिन्यात देखरेखीच्या बाईंनी मला आत एकट्याला बसवलं. म्हणाल्या, "हे बघ, ही केस आता पुढे तुझ्या आड येणार नाही. अठराच्या आतली आहे, कायद्यानेच ती धरायची नसते. कॉलेजच्या फॉर्मवर नाही, नोकरीलाही नाही. वडिलांना हे नीट सांग. तुझ्यापेक्षा त्यांनाच जास्त धास्ती आहे."

मी बाहेर आलो. बाबांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काय नाय. नीट वाग म्हणाल्या."

का नाही सांगितलं? कोणत्या तोंडाने सांगणार होतो! ज्या माणसाने माझ्यामुळे वर्षभर खाली मान घातली, त्याला जाऊन सांगायचं की चला, माझं सगळं माफ झालं? मला ते निलाजरेपणाचं वाटलं. पुढे कधीतरी सांगू म्हटलं. ते कधीतरी काही आलं नाही.

बारावी झाली. पेणला तोंड दाखवायची सोय नव्हती, म्हणून रोह्याच्या कॉलेजचा फॉर्म आणला. होस्टेलसाठी गावच्या पोलीस पाटलाचा दाखला हवा होता. तो नसला तर होस्टेल नाही, आणि होस्टेल नसलं तर रोहाही नाही. मी कागद बाबांच्या पिशवीवर ठेवला. तीन दिवस तो तिथेच पडून होता.

आई म्हणाली, "लिवा की हो. आपलाच पोर हाय ना?"

"म्हणूनच नाय लिवता येत गो."

चौथ्या दिवशी बाबा पेणला प्रांताच्या कचेरीत गेले आणि पोलीस पाटीलकीचा राजीनामा देऊन आले. चपला काढता काढता म्हणाले, "खोटं लिवून त्या जागेवर बसायचं नाय. आन् खरं लिवून पोराचं वाटोळं करायचं नाय." तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. राजीनामा मागे घेता आला असता. मी मागच्या दारी जाऊन नुसता उभा राहिलो, भेकडासारखा.

आमच्या गावाचा चार्ज शेजारच्या गावच्या पाटलांकडे गेला. फॉर्मची मुदत संपत आली तसे आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. बाबा बसलेसुद्धा नाहीत. उभ्या-उभ्याच म्हणाले, "पाटील, याच्यावर गांजाची केस झालेली हाय. ती ठावकी असू द्या, आन् मग तुमाला वाटंल ते लिवा."

ते पाटील हसले. "अहो, पोर अठराच्या आत होता ना तवा? मग ती केस धरायचीच नसते. कायदा हाय तसा. यापायी राजीनामा दिलात व्हय? तुमी खुशाल लिवू शकत होता!" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काय रे, अलिबागला तुला कोणी सांगितलं नाय?"

बाबा माझ्याकडे बघत होते.

"नाय," मी म्हणालो.

पाटलांनी माझ्या डोळ्यांसमोर दाखला लिहिला. वर्तणूक चांगली आहे. खाली सही, शिक्का. बाबांनी दोन्ही हातांनी कागद घेतला, घडी न पाडता पिशवीत ठेवला.

रोह्याला अ‍ॅडमिशन झाली, शिकलो, नोकरीला लागलो. केस कोणी कधी विचारली नाही. बाबा आता थकलेत. अजूनही मधूनच विषय काढतात. "त्या बाईंनी तवा एक शब्द सांगितला असता तर," म्हणतात, "कसल्या निष्काळजी बाई!"

मी म्हणतो, व्हय.