टाकीवरची मोहर

जालन्याला वकिली करता करता मला एक खोड लागली. समोरचा माणूस सरळ बोलला, की हा नक्की काहीतरी लपवतोय असं वाटायचं. अशिलांवरही माझा विश्वास नव्हता, तिथे ड्रायव्हरवर कुठून असणार? लढाईचे दिवस होते, पेट्रोल कुपनावर मिळायचं, आणि माझी गाडी जुनी, दुसऱ्याने वापरून कंटाळलेली. ती पेट्रोल जरा जास्तच पिते असं माझ्या मनाने घेतलं. गाडी पीत नाही, ड्रायव्हर काढतो, हेही मनानेच ठरवलं.

ड्रायव्हर वाटूरकडचा, चाळिशीतला, कमी बोलणारा. बोलत नाही म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असा माझा हिशेब. पेट्रोलची टाकी समोरच्या काचेपुढे, बॉनेटला लागून होती. एके सकाळी मी त्याच्यादेखत झाकणाखाली नवा चामड्याचा वायसर बसवला, झाकणावरून उभी-आडवी दोरी बांधली, गाठ मधोमध आणली आणि तिच्यावर लाख ओतून माझी मोहर दाबली. कचेरीत खजिन्याच्या पेटीला लावतात तशी. पुढे रोज सकाळी मी स्वतः मोहर फोडायचो, वेताच्या छडीने पेट्रोल मोजायचो आणि नवी मोहर लावायचो.

त्याच आठवड्यात गाडीने नखरे सुरू केले. अंबडच्या कोर्टात माझ्या पेश्या असत. जालना सोडून सात-आठ मैल गेलं की इंजिनातला जोर जाई, गाडी गचके देई आणि बंद पडे. अर्धा तास उभी राहिली की काही न करता हँडलच्या पहिल्या फेऱ्याला सुरू. पुन्हा काही मैलांवर तेच. ड्रायव्हरने प्लग काढून पुसले, तारा तपासल्या, पेट्रोलची नळी तोंडाने फुंकून बघितली. जालन्याच्या मिस्त्रीने कार्बोरेटर दोनदा धुतला आणि गाडीत काही खोट नाही असं सांगितलं. मग मी मिस्त्रीवरही संशय घेतला. दोघे मिळालेले असणार.

एक दिवस ड्रायव्हर आपणहून बोलला. टाकी भरलेली असली की गाडी लवकर बंद पडते, अर्धी असली की लांब जाते, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. बंद पडल्या पडल्या एकदा झाकण उघडून बघू, असं त्याचं म्हणणं. मी मनात म्हटलं, आता आलास मुद्द्यावर. भर रस्त्यात, भरल्या टाकीची मोहर फोडायला मी काय दूधखुळा होतो? घरी रोज झाकण काढत होतो, तेव्हा काहीच वावगं दिसत नव्हतं. मी साफ नाही म्हणालो. त्याच दुपारी अंबडच्या कोर्टाच्या आवारात चार वकिलांसमोर, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, की पेट्रोलला हात लावता येईना म्हणून हा चोर गाडी अडवतोय, महिनाअखेर याला काढणार. जालन्यात मोटारी मोजक्या, मालक सगळे एकमेकांच्या ओळखीचे. चोर म्हणून काढून टाकलेल्या ड्रायव्हरला दुसरी गाडी मिळणार नव्हती. हे मला माहीत होतं, तरी बोललो.

पुढच्या पेशीला गाडी ऐन उन्हात बंद पडली. ड्रायव्हर उतरला, हँडल माझ्या पायाशी ठेवलं आणि लांब जाऊन बाभळीखाली उभा राहिला.

"झाकण तुमच्याच हातानं खोला, वकीलसाब. मी जवळ बी येत न्हाई," तो म्हणाला. "मंग बोलू."

पेशी चुकत होती, माझं डोकं तापलं होतं. मी मोहर फोडली. झाकण फिरेना. जोर लावला तेव्हा टाकीने फुस्स करून बराच वेळ हवा आत ओढली. झाकण मी घाईत सैलच टेकवलं, ड्रायव्हरने येऊन हँडल मारलं, आणि गाडी जी सुरू झाली ती थेट अंबडला थांबली.

तेवढ्यानेही माझं समाधान झालं नाही. परतताना मी झाकण घट्ट फिरवून मोहर पुन्हा लावली, अगदी आधीसारखी, आणि डोळ्यांत तेल घालून त्याच्या हातांकडे बघत बसलो. सात मैलांवर गाडी बंद. झाकण उघडलं, तोच आवाज. या वेळी झाकण उन्हात धरून नीट बघितलं. मधोमध सुई जाईल एवढं भोक होतं आणि त्यात माझी लाख घट्ट बसली होती. पेट्रोल उतरेल तशी त्या भोकातून टाकीत हवा यायची. ती वाट मी बुजवली, म्हणून पेट्रोल उतरेनासं होई. उभ्या गाडीत हवा हळूहळू झिरपली की पुन्हा उतरे. आणखी एक गोष्ट तेव्हाच डोक्यात शिरली. मोहर लावल्यापासूनही पेट्रोल आधीइतकंच जळत होतं. छडी रोज तेच सांगत होती, मी ऐकून घेत नव्हतो.

नोकरी कायम आहे, एवढंच वाटेत त्याला सांगू शकलो. त्याने मान हलवली.

दुसऱ्या सकाळी मी रिकाम्या हाताने बाहेर आलो. लाज एवढी वाटत होती की त्याच्याकडे बघवत नव्हतं. तो गाडीजवळ लाखेची कांडी आणि पेटती मेणबत्ती घेऊन उभा होता. मी म्हणालो, आता याची काही गरज नाही.

"तुम्हाला नसंल. मला हाय," तो म्हणाला. "भोक सोडून लावा, पण लावा. उद्या तुम्हाला पुन्हा शक आला तर मी काय दाखवू?"

तो सोडून गेला असता तर मला सोपं गेलं असतं. पण तो आणखी चार वर्षं माझ्याकडे राहिला. रोज सकाळी मी लाख ओतायचो, तो वाकून मोहर बरोबर उमटली का ते बघायचा, आणि मगच माझ्यासाठी दार उघडायचा.